बावीस नंबरमधले पोटॅशियम

मुलगी बघायला गेलेल्या माणसासमोर आधी पाण्याचा तांब्या येतो, मग उप्पिटाची बशी येते आणि त्यानंतर मुलगी येते. माझ्यासमोर पाण्यानंतर एक कागद आला. त्या कागदाच्या तळाशी माझीच सही होती.

"ही सही तुमचीच का, पावणं?" निवृत्तीअण्णा बारंगुळ्यांनी विचारले.

मी कागद हातात घेतला. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो तिथलाच तो अहवाल होता. ट्रकच्या इंजिनातून काढलेल्या वापरलेल्या ऑइलची तपासणी. खाली शेरा होता : पोटॅशियम मर्यादेबाहेर, कूलंट ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता, इंजिन उघडून तपासावे. आणि शेऱ्याखाली दिगंबर लोंढे, विश्लेषक, अशी माझी ऐटबाज सही.

माझीच आहे म्हणालो. दुसरे काय म्हणणार? अण्णा खुर्चीत मागे रेलले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की मला वाटले, आता हे माझाही नमुना बाटलीत भरून पुण्याला पाठवतात.

"तुमच्या मामांनी स्थळ आनलं, तवा नाव ऐकून मी हा कागद काढून बघितला," ते म्हणाले. "म्हनलं, हाच तो. बोलवा ह्याला. माझं इंजान उघडा म्हननारा मानूस दिसतो तरी कसा, ते बघू."

माझ्या शेजारी दगडूमामासमोर मात्र उप्पिट आले होते. त्याचा चमचा बशीत तसाच थांबला. हे स्थळ मामाने आणले होते. बार्शीत सहा ट्रकचा मालक आहे, एकुलती एक मुलगी आहे आणि मुलगी कामाची आहे, एवढेच त्याने मला सांगितले होते. कसल्या कामाची, ते त्यालाही माहीत नसावे. जिथे खायला चांगले मिळते ती सगळी स्थळे मामाच्या मते उत्तम असत.

आता वापरलेले ऑइल तपासतात म्हणजे काय करतात, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. इंजिनातले ऑइल हे मोठे चुगलखोर असते. ते सगळ्या इंजिनातून फिरते आणि प्रत्येकाच्या घरातली थोडी थोडी बातमी घेऊन येते. लायनर झिजला तर ऑइलमध्ये लोखंड वाढते. बेअरिंग झिजले तर तांबे आणि शिसे. एअर फिल्टर फाटला तर धूळ, म्हणजे सिलिकॉन. आणि इंजिन थंड ठेवणारे रेडिएटरमधले पाणी, ज्याला कूलंट म्हणतात, ते कुठूनतरी झिरपून आत येऊ लागले तर सोडियम किंवा पोटॅशियम. आमचे यंत्र या सगळ्यांचे आकडे काढायचे. आकडा मर्यादेबाहेर गेला की ठरलेला शेरा छापला जायचा आणि मी खाली सही करायचो. दिवसाला अशा ढीगभर सह्या करायचो. त्यातल्या एका सहीच्या मागे एक मुलगी असेल, हे मला कोणी सांगितले नव्हते.

अण्णा आमच्याकडे सहाही गाड्यांचे ऑइल नियमाने पाठवायचे. सगळी बार्शी त्यांना हसायची, की हा माणूस काळे तेल पार्सलने पुण्याला धाडतो आणि वर त्याचे पैसे भरतो. अण्णांना त्याचे काहीच वाटत नसे. ते पक्के विज्ञानवादी होते. गावात कुठे बुवाबाजीविरुद्ध सभा असली की पहिले भाषण त्यांचे. त्यांच्या एकाही ट्रकवर देवाचा फोटो नव्हता, लिंबू-मिरची नव्हती. उलट प्रत्येक ट्रकच्या मागे ठळक अक्षरांत रंगवून घेतले होते : 'लिंबू सरबतात, मिरची कालवणात.'

"आता ऐका," अण्णा म्हणाले. "हा कागद बावीस नंबरचा हाय, म्हंजे पाटीवर शेवटी बावीस हाय त्या गाडीचा. एकदा पाठवलं तर पोटॅशियम. वाटलं, बाटली खराब असंल. दुसऱ्या खेपेला नव्या बाटलीत भरून पाठवलं, तरी पोटॅशियम. त्या गाडीवर माझी पोरगी असती."

"क्लीनर म्हणून?" मामाने विचारले.

"डायवर म्हनून," अण्णा म्हणाले.

मामाने बशी खाली ठेवली. अण्णांनी मग सांगितले, की त्यांना मुलगा नाही आणि त्याची खंतही नाही. त्यांनी स्वतः डाळ मिलच्या मागच्या माळावर मुलीला ट्रक शिकवला आणि सगळ्या तालुक्याला ओरडून सांगितले, की पोरगा-पोरगी असला भेद आमच्यात नाही. जयमाला आता लातूरला माल घेऊन जायची आणि परत यायची. मधे येडशीचा घाट. कूलंट ऑइलमध्ये उतरले तर ऑइल बिघडते, बेअरिंग जळते आणि इंजिन भर रस्त्यात जाम होते, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी ते दोनदा सांगितले.

"तर असं हाय पावणं," ते शेवटी म्हणाले. "इंजान उघडायचं असंल तर मी त्यात पैसे घालनार न्हाई. गाडी विकून टाकनार आन पोरगी खाली उतरनार, ती कायमची. उघडायचं नसंल, तर का न्हाई ते मला पटवून द्या. तुमचीच सही हाय, तुमीच वाचा. मग सोयरिकीचं बोलू."

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारात ट्रक आला. इंजिन दोन-चार क्षण मोकळे फिरले आणि मग बंद झाले. केबिनमधून एक मुलगी उतरली. फिक्या निळ्या पंजाबी ड्रेसवर पुरुषी शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी. तिने नळावर हात-तोंड धुतले, शर्ट काढून ओट्यावर ठेवला, ओढणी सोडून खांद्यावर घेतली आणि आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. झाला मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. मला तिच्याबद्दल काय वाटले ते मी तेव्हा कोणाला सांगितले नाही. आता सांगायला हरकत नाही. मला त्या क्षणी इतकेच वाटले, की हिला त्या गाडीवरून खाली उतरवणारा माणूस मी असू नये.

पहिला प्रश्न तिनेच विचारला. इंजिन न बघता ते उघडा, असे मी कसे काय लिहितो? मी तिला समजावून सांगितले, की आकडा मर्यादेबाहेर गेला की तसा शेरा द्यायचा असा नियम आहे.

"म्हंजे तुमी इंजान बघत न्हाई."

"आकडे बघतो."

"मंग आज बघा," ती म्हणाली आणि उठली.

अंगणात ट्रककडे जाताना तिने आवाज खाली आणला. वडील मागे मामाशी बोलत होते. "एक सांगते," ती म्हणाली. "गाडी माझा जीव हाय. पन इंजान चांगलं असलं तर चांगलं म्हना, वाईट असलं तर वाईट म्हना. माझ्याकडं बघून काय म्हनू नका."

हे मोठेच अवघड काम होते, कारण मी तोवर तिच्याकडेच बघत होतो.

आम्ही रेडिएटरपासून सुरुवात केली. इंजिन निवल्यावर तिने फडके धरून टोपण उघडले. कूलंट काठोकाठ होते. शेवटचे कधी भरले विचारले तर म्हणाली, पावसाळ्याच्या आधी, आणि त्यानंतर थेंबभरही घालावे लागलेले नाही. हे पहिले चांगले लक्षण. कूलंट ऑइलमध्ये उतरत असते तर रेडिएटरमध्ये कमी व्हायला हवे होते. एका घरातून दुसऱ्या घरात जायचे तर पहिले घर रिकामे करावेच लागते.

"थोडं थोडं उतरत असंल तर कळायचं न्हाई," अण्णा मागून म्हणाले. ते भलतेच हुशार होते, आणि हुशार माणूस सासरा म्हणून मिळणे ही काही साधी गोष्ट नसते.

मग मी तवा मागितला.

अण्णांच्या बायको सुंदराबाई तोपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सगळे बघत होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर कुंकवाच्या वर अंगाऱ्याचे करडे बोट. घरात देवधर्म करणाऱ्या त्या एकट्या. तवा कशाला हवा, हे कळल्यावर त्यांनी साफ नकार दिला. त्यांच्या भाकरीच्या तव्यावर त्या ट्रकचे काळे तेल टाकू देणार नव्हत्या. बरीच घासाघीस झाल्यावर त्यांनी मागल्या अंगणातला अंड्याचा तवा काढून दिला, जो त्या घरात आणत नसत. पाणी तापवायच्या चुलीवर मी तो चढवला.

तव्याची ही परीक्षा आमच्या प्रयोगशाळेतही करतात, फक्त तिथे तव्याला वेगळे नाव आहे. गरम पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकायचा. त्यात पाणी असेल तर ते तडतडते, नसेल तर नुसता धूर येतो. आधी मी वाटीत थोडे ऑइल घेऊन त्यात मुद्दाम पाणी कालवले आणि त्याचा थेंब टाकला. असा फाडकन आवाज झाला की मामा दोन हात मागे सरला. मग जयमालाने बावीस नंबरची डिपस्टिक आणली. म्हणजे ऑइलची पातळी बघायची सळई. तिच्या टोकाचा काळा थेंब तव्यावर पडला. पसरला, धुरला आणि गप्प बसला. पुन्हा टाकला, पुन्हा गप्प.

"पानी न्हाई," जयमाला म्हणाली.

"इंजान तापल्यावर पानी उडून जातं," अण्णा म्हणाले. "मागं काय ऱ्हातं ते सांगा."

खरे तर मला तेच सांगायचे होते. पाणी उडून जाते, पण कूलंटमधले क्षार मागे राहतात. अण्णांच्या कूलंटचा डबा मी मागवला. त्यावर काय काय घातले आहे ते छापलेले होते, आणि त्यात मुख्यतः सोडियमचे क्षार होते. मी अहवाल उघडून अण्णांच्या समोर धरला. सोडियम नगण्य. शिसे नगण्य, तांबे नगण्य, लोखंड तर एखाद्या नव्या इंजिनाला शोभेल इतके कमी. कूलंट आले असते तर ते सोडियमला घेऊन आले असते. इथे पोटॅशियम एकटेच आले होते आणि बरोबर थोडेसे सिलिकॉन. सही करताना मी पोटॅशियमच्या आकड्याखाली रेघ मारली होती आणि बाकीच्या आकड्यांकडे पाठ फिरवली होती. आता ते आकडे भराभर बोलत होते, आणि मला माझ्याच कागदाची जरा लाज वाटली.

"मंग हे पोटॅशियम आलं कुठून?" अण्णांनी विचारले.

तो प्रश्न रास्त होता. ऑइलच्या पिंपातूनच आले असेल का? पण सहाही गाड्यांना ऑइल त्याच पिंपातले जायचे आणि बाकी पाच गाड्यांचे अहवाल स्वच्छ होते. मिस्त्री एक, ऑइल एक, कूलंट एक. तरी पोटॅशियम फक्त बावीस नंबरमध्ये. मामाने एवढ्यात मला कोपर मारले आणि मोठ्याने म्हणाला, की गाडीने खताची पोती वाहिली असतील, पोटॅशची धूळ उडून आत गेली असेल, त्यात काय. मामाच्या डोक्यात जेवणाची वेळ होत आली होती. जयमालाने लगेच सांगितले, की तिच्या गाडीने कधीच खत वाहिलेले नाही, जाते ती तूर आणि सोयाबीन. मामाने मला दुसरे कोपर मारले, म्हणजे मी तरी हो म्हणावे. ते उत्तर सोपे होते, कोणाला दुखवणारे नव्हते आणि अण्णांना कदाचित पटलेही असते. मी परत ट्रककडे वळलो.

एक गोष्ट बघायची राहिली होती. कूलंट ऑइलमध्ये मिसळले की ऑइल भरायच्या टोपणाच्या आतून दह्यासारखा पांढुरका साका धरतो. तो नाही एवढे दाखवायला जयमाला बंपरवर चढली आणि तिने टोपण उघडून माझ्या हातात दिले. साका नव्हता. पण टोपणाच्या आट्यांमध्ये ऑइलने भिजलेला करडा गाळ अडकला होता. बोटावर घेतला तर खरखरीत लागला. मी तो फडक्यावर पसरला. बोटाने चोळला. ऑइल फडक्याने शोषून घेतल्यावर त्याचा रंग नीट दिसू लागला.

मग मी, का कोण जाणे, वर बघितले. दारात सुंदराबाई उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर तोच रंग होता.

लाकडाच्या राखेत पोटॅशियम भरपूर असते. सोडियम जवळपास नसते. सिलिकॉन थोडे असते. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच हे शिकवतात.

"काकू," मी विचारले, "हा अंगारा कुठला?"

मठातल्या धुनीचा, त्यांनी सांगितले, आणि दर गुरुवारी आणते म्हणाल्या. मी हातातले फडके दाखवले. जयमाला बंपरवरून खाली उतरली, तिने बोट लावून बघितले आणि आईकडे बघितले. मामानेही बघितले. अण्णांना सगळ्यात शेवटी कळले, पण कळल्यावर त्यांचा जो भडका उडाला तो विचारू नका. ते बायकोला म्हणाले, की मी गावभर भाषणे करत हिंडतो आणि तू माझ्याच इंजिनात राख घालतेस. की हे तुझे अंगारे-धुपारे देवघरात ठेव, म्हणून किती वेळा सांगितले. की इंजिन काय देवळाची दानपेटी आहे का, आणि राखेने पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर? ते बोलतच राहिले. त्यांचा आवाज शेजारच्या गॅरेजपर्यंत गेला असावा, कारण तिथला हातोडा थांबला.

सुंदराबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "अवं, मी हितं उभी ऱ्हायले तर माझं डोस्कं बंपरला लागतंय. त्या टोपनापतुर माझा हात कसा जाईल?"

अण्णा थांबले.

"आन दुसरं," त्या म्हणाल्या, "माझी अंगाऱ्याची डबी म्हैनाभर पुरायची. हल्ली लवकर संपती. मला वाटलं उंदीर."

आता जयमाला विचारात पडली. आमच्याकडे न बघता ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली, की बाकीच्या गाड्यांचे ऑइल मिस्त्री बदलतो. बावीस नंबरचे जुने तेल मिस्त्रीच सोडतो, पण नवे अण्णा स्वतः ओततात. मिस्त्री सांडतो म्हणून. बोलता बोलता तिचा आवाज हळू झाला आणि मग बंद झाला.

 मामाने माझ्याकडे बघितले आणि तोंडाने नुसता आकार केला : पोटॅश.

 समोर माझा सासरा होऊ शकणारा माणूस उभा होता. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज. त्याच्या बायकोसमोर, मुलीसमोर, आणि पहिल्यांदाच घरी आलेल्या पाहुण्यांसमोर मी काय म्हणावे अशी त्याची अपेक्षा होती? आणि पोटॅश म्हणावे तर शेजारी ती उभी होती, जिने मला सांगितले होते की माझ्याकडे बघून काही म्हणू नका. मी फडक्याकडे बघितले आणि त्याच्याकडे बघूनच बोललो.

"अण्णा, इंजिन उत्तम आहे. उघडू नका. ऑइलमध्ये राख आहे, ती वरून पडलेली आहे, आतून आलेली नाही. ऑइल आणि फिल्टर बदलला की संपले. राख कोणी टाकली हे ऑइल सांगत नाही, आणि ते मला विचारूही नका."

 अण्णा ओट्यावर जाऊन बसले. जयमालाचा तो पुरुषी शर्ट तिथे पडला होता, तो त्यांनी उगाचच उचलून मांडीवर घेतला.

"मीच," ते म्हणाले.

"अण्णा," जयमाला म्हणाली, "तुमी?"

"बाकीच्या पाच गाड्यांवर डायवर हायेत. ह्या गाडीवर तू हायेस." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की तो त्यांचा वाटत नव्हता. "सगळ्या गावाला मीच सांगितलं, माझी पोरगी ट्रक चालवती. छाती फुगवून सांगितलं. आता रात होऊस्तवर तू आली न्हाईस की मला घास जात न्हाई. हे कुनाला सांगू? तुझ्या आईला सांगितलं तर म्हनंल, मी तवाच सांगत हुते. गावाला सांगितलं तर हसंल. म्हनलं, जे हाय ते बॉनेटखाली ऱ्हाऊ दे."

आणि मला तेव्हा सगळे उलगडले. या माणसाने मुलीच्या काळजीने इंजिनात पुडी टाकली. ती पुडी ऑइलमधून बाटलीत आली, बाटलीतून आमच्या यंत्रात गेली, आणि त्याची स्वतःचीच भीती त्याला पुण्याहून छापून परत आली, माझ्या सहीने. त्यावर घाबरून तो गाडी विकायला निघाला होता. किंवा कदाचित, मुलीला भीतीपोटी नाही तर विज्ञानाच्या आधाराने खाली उतरवता येईल, म्हणून तो कागद त्याला बराही वाटला असेल. मी त्यांना ते कधी विचारले नाही.

जयमाला वडिलांजवळ जाऊन बसली. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेलीही होती, दोन्ही एकदम. "साप साप म्हनून भुई धोपटली की अण्णा," ती म्हणाली. "भ्या वाटतं तर माझ्याशी बोलायचं. इंजानाला कशाला सांगितलं?"

"इंजान उलट बोलत न्हाई," अण्णा म्हणाले.

 सुंदराबाई नवऱ्याजवळ आल्या, त्यांनी कमरेच्या पिशवीतून छोटी डबी काढली आणि अण्णांना काही कळायच्या आत त्यांच्या कपाळावर अंगाऱ्याचे एक बोट ओढले. "हे हितं लावायचं असतंय," त्या म्हणाल्या. "हितं लावलं की रिंगा झिजत न्हाईत." अण्णांनी ते पुसले नाही. मामाला एवढे हसू आले की त्याने तोंड फिरवून शेवग्याच्या झाडाकडे बघायला सुरुवात केली.

जेवण होऊन आम्ही निघालो तेव्हा सोयरिकीचे कोणीच काही बोलले नव्हते. ज्या कामासाठी गेलो ते राहूनच गेले, असे मामा कुरकुरत होता, पण जेवणाबद्दल त्याची तक्रार नव्हती. फाटकापर्यंत जयमाला सोडायला आली. ऑइल उद्याच बदलून घेते म्हणाली. मी म्हणालो, एक फेरी झाली की नमुना पाठवा, म्हणजे खात्री होईल.

"आता नमुना पार्सलनं पाठवनार न्हाई," ती म्हणाली. "इंजान न बघता सही करनाऱ्याचा मला भरवसा न्हाई. सोता येऊन घ्या."

मी पुढच्याच आठवड्यात गेलो. बावीस नंबर लातूरहून येईपर्यंत अण्णांच्या ओट्यावर बसून राहिलो आणि इंजिन गरम असतानाच, ऑइल चांगले ढवळलेले असताना, स्वच्छ बाटलीत स्वतःच्या हाताने नमुना घेतला. पुण्याला जाऊन यंत्रावर लावला. या वेळी सगळे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले, दोनदा वाचले, आणि मगच सही केली. तो कागद घेऊन परत बार्शीला गेलो. प्रयोगशाळेत माझ्या साहेबांना वाटले की मी कुठल्यातरी मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागे आहे. त्यांना मी तसेच वाटू दिले.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. लोखंड बघितले, शिसे बघितले, सोडियम बघितले. पोटॅशियमवर बोट ठेवून ते थांबले.

"शून्य?"

"शून्य," मी म्हणालो. "इंजिन एकदम निर्धोक."

मला वाटले होते ते खूश होतील. ते खूश झाले नाहीत. कागदाची घडी घालून तो त्यांनी खिशात ठेवला आणि अंगणातल्या ट्रककडे बघत बसले. जयमाला टायरमधली हवा बघत होती. लातूरचा माल भरलेला होता आणि तिला निघायचे होते.

"पावणं," अण्णा म्हणाले, "त्यात पुडी हुती तवर मला जरा झोप लागायची. ती तुमी बंद केलीत. कागद आनून दावलात, शून्य हाय म्हनून. बरं केलंत. पन आता ही गाडी घाटातून जाती आन तिच्यात माझं कायबी न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "अंगारा तुमी काढलात. आता त्याच्या जागी तुमी बसा."

  मी जयमालाकडे बघितले. तिने ऐकले होते. हातातला हवा बघायचा गेज तिने खिशात टाकला आणि ती हसू दाबत म्हणाली, "अण्णा, अंगारा गप बसतो. ह्ये बोलत्यात."

"बोलनार न्हाईत," अण्णा म्हणाले. "मी सांगतो त्यांना."

तुळशीचे लग्न झाल्यावर आमचे लागले. वरात बावीस नंबरमधूनच निघाली, आणि स्टिअरिंगवर नवरी होती. डाळ मिलपासून मारुतीच्या देवळापर्यंत सगळी बार्शी रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून बघत होती. मी शेजारच्या सीटवर, गप्प बसलो होतो.